चौथं छापयंत्र : ऑल्टनच्या संपादकाचं प्रकरण

अमेरिकेतल्या ऑल्टन गावात १८३७ साली जमावाने मारलेल्या इलायजा लव्हजॉय या गुलामगिरीविरोधी संपादकाचं हे प्रकरण. पत्रकारितेच्या वर्गात ते घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, एवढा विरोध होता, तर तो गाव सोडून का गेला नाही?’ त्याने एकदा गाव सोडलं होतं, हे सांगितलं की वर्ग जरा गप्प होतो. मग खरी चर्चा सुरू होते.

प्रकरण अभ्यासात नावं बदलण्याची पद्धत आहे. इथे संपादक, नगराध्यक्ष, न्यायाधीश यांची नावं आहेत तशीच ठेवली, कारण १८३७ पासून ती छापून येतच आहेत. जमावातल्या लोकांची नावं मात्र गाळली आहेत. त्यातली काही खटल्याच्या कागदपत्रांत सापडतात. पण जमावात कोण होतं यापेक्षा त्या जमावाला वाट कोणी करून दिली, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पार्श्वभूमी

इलायजा पॅरिश लव्हजॉय हा अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. जन्म ९ नोव्हेंबर १८०२. वॉटरव्हिल कॉलेजातून १८२६ साली तो पदवीधर झाला आणि पुढच्याच वर्षी मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुइसला पोचला. सेंट लुइस मिझुरी राज्यात, आणि मिझुरीत गुलामगिरी कायदेशीर. आधी त्याने मास्तरकी केली, मग ‘सेंट लुइस टाइम्स’ या राजकीय पत्राचं संपादन.

त्या छापखान्यात एक गुलाम पोरगा कामाला होता. मालकाने भाड्याने दिलेला. छपाईची अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या हाताखाली राबायचं, यंत्र चालवायचं, पडेल ते काम करायचं. त्याचं नाव विल्यम वेल्स ब्राउन. पुढे तो पळून स्वतंत्र झाला, नामवंत लेखक झाला, आणि त्याने लिहून ठेवलं की आपल्याला मिळालेल्या सगळ्या मालकांत लव्हजॉय सर्वांत भला होता. भला, पण मालकच. गुलामीविरोधासाठी ज्याचा पुढे जीव गेला, त्याच्या छापखान्यात कधीकाळी भाड्याचा गुलाम राबत होता. लव्हजॉय जन्मजात क्रांतिकारक होता, अशा समजुतीने हे प्रकरण वाचू नये म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

१८३२ साली धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटेत त्याचं मन पालटलं. प्रिन्स्टनला जाऊन तो धर्मशास्त्र शिकला, प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा उपदेशक होऊन सेंट लुइसला परतला आणि २२ नोव्हेंबर १८३३ रोजी त्याने ‘ऑब्झर्व्हर’ हे साप्ताहिक काढलं. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. जगात बऱ्याच ठिकाणी छापखाना ही अजून नवलाची आणि जरा धास्तीची गोष्ट होती.

‘ऑब्झर्व्हर’चा सुरुवातीचा रोख दारूवर आणि त्याहून जास्त कॅथलिक पंथावर होता. सेंट लुइस हे फ्रेंचांनी वसवलेलं गाव, कॅथलिकांची वस्ती मोठी. त्यांच्यावर लव्हजॉय आठवड्यामागून आठवडा तुटून पडत असे, आणि ते लेखन आज वाचताना कानकोंडं व्हायला होतं. गुलामगिरीबद्दल तो सुरुवातीला बेताने लिहायचा. ती पाप आहे, पण हळूहळू जावी, असा सूर. बोस्टनचा गुलामगिरीविरोधी संपादक विल्यम लॉइड गॅरिसन याची ‘आत्ताच्या आत्ता मुक्ती’ ही भाषा त्याला पटत नव्हती. तरी ऑक्टोबर १८३५ मध्ये गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी सह्यांनिशी त्याला पत्र धाडलं : या विषयावर लिहिणं थांबवा. लव्हजॉयने जाहीर उत्तर देऊन नकार कळवला.

मग २८ एप्रिल १८३६. फ्रान्सिस मॅकिन्टॉश नावाचा स्वतंत्र कृष्णवर्णीय बोटकामगार दोन खलाशांच्या अटकेच्या भानगडीत पकडला गेला. तुरुंगाकडे नेत असताना त्याने चाकू काढला. एक अधिकारी ठार झाला, दुसरा जखमी. काही वेळातच जमावाने त्याला तुरुंगातून ओढून काढलं, साखळदंडाने झाडाला बांधलं आणि जिवंत जाळलं.

प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे आलं तेव्हा न्यायाधीश ल्यूक लॉलेसने जे सांगितलं ते या सगळ्याच्या मुळाशी आहे. त्याचा आशय असा : हे कृत्य मोजक्या माणसांचं असेल तर त्यांच्यावर आरोप ठेवा, पण असंख्य लोकांच्या जमावाचं असेल तर ते माणसाच्या कायद्यापलीकडचं आहे. वर त्याने गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रांच्या चिथावणीलाही दोष दिला आणि ‘ऑब्झर्व्हर’कडे बोट दाखवलं. कोणावरही आरोप ठेवला गेला नाही.

लव्हजॉयने या न्यायाधीशावर सडकून टीका केली. मुद्दा बिनतोड होता. पण लॉलेस आयरिश कॅथलिक आहे, हे त्याने त्यातच ओवलं. थोडक्यात, एका लढाईत दुसरी लढाई मिसळली. कार्यालयाची मोडतोड झाली. जागा बदलायचं त्याने तोवर जाहीर केलंच होतं. नदीच्या वरच्या अंगाला, पंचवीसेक मैलांवर, पलीकडच्या काठाला ऑल्टन. राज्य इलिनॉय, म्हणजे कायद्याने गुलामगिरीमुक्त.

त्याने गाव सोडलं ते असं.

अडचण

यंत्र बोटीने ऑल्टनच्या धक्क्यावर उतरलं तो रविवार होता. रविवारी काम करायचं नाही, हा लव्हजॉयचा कडक नेम. यंत्र उद्या हलवू म्हणून ते धक्क्यावरच राहिलं. रात्रीत कोणीतरी ते फोडून नदीत लोटलं. पहिलं यंत्र गेलं ते असं, एक अंकही निघायच्या आधी.

गावकरी वरमले. सभा झाली, नव्या यंत्रासाठी पैसे देण्याची आश्वासनं मिळाली. याच सभेत लव्हजॉय काही बोलला. काय बोलला, यावर पुढे वर्षभर वाद चालला. विरोधक म्हणत, गुलामगिरीवर लिहिणार नाही असा शब्द त्याने दिला होता. त्याच्या बाजूची माणसं लेखी सांगत की तो एवढंच म्हणाला : मी ॲबॉलिशनिस्ट, म्हणजे गुलामगिरी ताबडतोब संपवा म्हणणारा, नाही; पण मी या देशाचा नागरिक आहे तोवर कायद्याला जबाबदार राहून हव्या त्या विषयावर बोलेन, लिहीन, छापेन. मला वाटतं दोन्ही बाजूंना आपापलं अर्धं वाक्य ऐकू आलं. पैसे देणाऱ्याला ‘मी ॲबॉलिशनिस्ट नाही’ ऐकू आलं, देवभक्ताला ‘हव्या त्या विषयावर’.

सप्टेंबर १८३६ पासून ‘ऑल्टन ऑब्झर्व्हर’ निघू लागला आणि लव्हजॉयचं मत अंकागणिक बदलत गेलं. जुलै १८३७ पर्यंत तो राज्यात गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन व्हावी असं उघड लिहू लागला. तिकडे त्याच वर्षाच्या मे महिन्यात देशभर बँका कोलमडल्या होत्या. ऑल्टनचं पोट नदीवरच्या व्यापारावर. गिऱ्हाईक दक्षिणेकडचं, स्पर्धा सेंट लुइसशी. त्यामुळे गुलामगिरी वाईट की बरी, या वादात ज्यांना रस नव्हता त्यांनाही ‘हा माणूस आपला धंदा बसवणार’ हे चटकन पटत होतं. जुलैत गावात निषेधाची सभा भरली. ‘तुम्ही दिलेला शब्द मोडलात’ हा तिथला मुख्य आक्षेप.

२१ ऑगस्टच्या रात्री लव्हजॉय आजारी बायकोसाठी औषध घेऊन घरी निघाला होता. वाटेत टोळक्याने गाठलं. डांबर फासून, अंगाला पिसं चिकटवून त्याला नदीत सोडून द्यायचा बेत होता. तो म्हणाला, माझी एक विनंती आहे. हे औषध कोणीतरी घरी पोचवा, पण काय घडलंय ते तिला कळू देऊ नका. मग मी तुमच्या हातात आहे. टोळकं ढिलं पडलं आणि त्याला जाऊ दिलं. माणसाला सोडलं, पण छापखान्याला नाही. त्याच रात्री दुसरं यंत्र फुटलं.

एक महिन्याने, २१ सप्टेंबरला, तिसरं यंत्र आलं. लव्हजॉय गावाबाहेर होता. मित्रांनी ते वखारीत ठेवलं. नगराध्यक्ष जॉन क्रमने पहाऱ्याला शिपाई बसवला, ठरावीक वेळेपर्यंत. शिपाई गेला आणि तोंडाला रुमाल बांधलेली दहाबारा माणसं आली. क्रम स्वतः तिथे पोचला आणि पांगा म्हणाला. काम उरकलं की पांगतोच, असं त्याला उत्तर मिळालं. त्यांनी यंत्र शांतपणे काठावर नेलं, फोडलं आणि पाण्यात टाकलं. इतका सभ्य जमाव आपण कधी पाहिला नाही, असं क्रम म्हणाल्याची नोंद आहे.

क्रम दुष्ट नव्हता. तरुण वकील, शहराचा पहिलाच नगराध्यक्ष. हाताशी पोलीस नाहीत, मागे नगर कौन्सिलचं बळ नाही. पण हे ‘सभ्य जमाव’ प्रकरण मी वर्गात नेहमी थांबून वाचून दाखवतो. रुमाल बांधलेल्या त्या चेहऱ्यांत नगराध्यक्षाला एकही ओळखीचा वाटला नसेल, यावर एवढ्याशा गावात कोण विश्वास ठेवील?

तीन यंत्रं गेली. एकाही माणसावर खटला झाला नाही.

समोरचे पर्याय

ऑक्टोबर १८३७ मध्ये लव्हजॉयपुढे काय काय होतं, ते पाहू.

संपादकपद सोडणं. ही कल्पना विरोधकांची नव्हे, त्याची स्वतःची. सप्टेंबरमध्येच त्याने पत्राच्या पाठीराख्यांना लेखी कळवलं होतं की तुम्हाला योग्य वाटलं तर मी बाजूला होतो. ठाम उत्तर आलं नाही. ‘जा’ म्हणायला कोणी तयार नाही, ‘राहा, आम्ही उभे आहोत’ म्हणणारेही थोडेच. चळवळींत हे फार पाहायला मिळतं. माणसाला अधांतरी ठेवायचं आणि त्यालाच निष्ठा म्हणायचं.

पुन्हा गाव बदलणं. इलिनॉयमध्येच क्विन्सीला पत्र हलवावं असं काही मित्र म्हणत होते. पण सेंट लुइसहून ऑल्टनला येऊन काय झालं होतं? शिवाय १ ऑक्टोबरला मिझुरीतल्या सेंट चार्ल्सला सासुरवाडीच्या घरात घुसून जमावाने त्याला ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा बायको मध्ये पडली म्हणून तो वाचला. म्हणजे प्रश्न गावाचा उरला नव्हता.

नि:शस्त्र राहणं. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १८३५ मध्ये, बोस्टनच्या जमावाने गॅरिसनला दोरी बांधून रस्त्यातून फरफटवलं होतं. गॅरिसनने हात उचलला नाही. तो जगला आणि त्याचं पत्रही. लव्हजॉयलाही हाच मार्ग मनातून पसंत होता. पण सेंट चार्ल्सहून परतल्यावर त्याने एका पत्रात लिहिलं की उशाशी भरलेली बंदूक आहे, शेजारच्या खोलीत भावांपाशी आणखी तीन आहेत, आणि ऑल्टन शहरात आपण हे असे जगतो आहोत. या मार्गाला लागताना मनाला किती जड गेलं, तेही त्यात आहे.

कायद्याकडे जाणं. गेलाच होता, पण कायदा शिपायाबरोबर ठरल्या वेळी घरी जात होता.

उरला सामोपचार. इलिनॉय कॉलेजचा अध्यक्ष एडवर्ड बीचर याची यावर फार भिस्त होती. २६ ऑक्टोबरला अप्पर ऑल्टनमध्ये गुलामगिरीविरोधी परिषद भरायची होती. बीचरच्या आग्रहावरून निमंत्रण ‘मुक्त चर्चेच्या सगळ्या मित्रांना’ असं मोघम केलं गेलं. मग राज्याचा ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, अशर लिंडर आपली माणसं घेऊन आला, आपणही मुक्त चर्चेचेच मित्र आहोत म्हणाला, बहुमत केलं आणि परिषद ताब्यात घेतली. मूळ मंडळींना नंतर एका घरात बसून आपली संस्था स्थापावी लागली.

तरी बीचर खचला नाही. २ आणि ३ नोव्हेंबरला व्यापारी जॉन होगनच्या पेढीवर गावातल्या प्रमुखांची बैठक झाली. बीचरने साधे ठराव मांडले : मतं कोणतीही असोत, छापण्याचा हक्क आणि छापणाऱ्याचा जीव गाव राखेल. ठराव समितीकडे गेले आणि समितीतून दुसरंच काही बाहेर आलं. त्यात दोन्ही बाजूंनी संयम, सामोपचार, तडजोड अशी भाषा होती. आणि शेवटी, या पत्राच्या माजी संपादकाने शहरातल्या कोणत्याही वृत्तपत्राशी संबंध ठेवू नये.

ही तडजोड नीट तपासली पाहिजे. संपादकाने पद सोडायचं, पत्र सोडायचं, पर्यायाने गाव सोडायचं. यंत्रं फोडणाऱ्यांनी काय सोडायचं? काहीही नाही. नुकसानभरपाईचा शब्द नाही, पुन्हा असं होणार नाही याची हमी नाही. ‘दोन्ही बाजूंनी’ हे शब्द ठरावात होते, पण दुसऱ्या बाजूच्या खात्यावर एक पैही मांडलेली नव्हती.

लव्हजॉय उठून बोलला. मी कोणता कायदा मोडला ते सांगा, खटला भरा, शिक्षा करा. नसेल मोडला, तर माझं संरक्षण का होत नाही? गुन्हेगारासारखा मला का हाकलता? घरी आजारी बायको आहे, लहान मूल आहे, हे सांगताना त्याला रडू आलं आणि ऐकणाऱ्यांतलेही काही रडले. तुम्ही मला चिरडू शकता, पण मी जागा सोडणार नाही. मेलो तर माझी कबर ऑल्टनमध्येच होईल, असं म्हणून तो बाहेर पडला. आणि डोळे पुसून बैठकीने समितीचा अहवाल मंजूर केला.

काय केलं

चौथं यंत्र ‘मिझुरी फुल्टन’ या बोटीने ७ नोव्हेंबरच्या पहाटे तीनच्या सुमारास आलं. वेळ मुद्दाम अशी. क्रम स्वतः धक्क्यावर हजर होता. खोकी ‘गॉडफ्री, गिलमन आणि कंपनी’च्या दगडी वखारीत चढवली गेली.

त्या काळातलं छापयंत्र म्हणजे लोखंडी सांगाडा, वर दाब देणारं जड पाटं आणि ते खाली ओढायचा दांडा. जुळाऱ्याने एकेक खिळा, म्हणजे धातूचं अक्षर, लावून पान जुळवायचं, त्यावर शाई फिरवायची, कागद ठेवायचा, दांडा ओढायचा, कागद काढायचा. शेकडो प्रतींसाठी शेकडो वेळा. खिळे विस्कटले तर पुन्हा जुळवता येतात. पाटं किंवा सांगाडा फुटला, की शेकडो मैलांवरून नवा मागवायचा आणि तो नदीनेच यायचा. जमाव यंत्रावरच का उठायचा, ते यावरून कळतं. संपादकाचं तोंड बंद करायचा तो स्वस्त उपाय होता.

वखार राखायला स्वयंसेवक जमले. आपल्याला कायद्याचा आधार आहे, अशी त्यांची समजूत होती. क्रमने खास शिपाई नेमण्याचा विषय कौन्सिलपुढे नेला होता, कौन्सिलने तो उचलला नाही. म्हणजे वखारीतली माणसं सरकारी पहारेकरी होती की खासगी बंदूकधारी, हे त्या रात्रीपर्यंत कोणीच स्पष्ट केलं नाही. पहाटेचा धोका टळला म्हणून संध्याकाळी बरेचसे घरी गेले. लव्हजॉयसह वीसेक उरले.

रात्री दहाच्या सुमारास गुत्त्यांतून उठून जमाव आला. गावातले काही डॉक्टरही त्यात होते, हे विसरू नये. वखारीचा एक मालक, व्यापारी विन्थ्रॉप गिलमन, वरच्या खिडकीतून बोलला. त्यांची मागणी यंत्राची. तो म्हणाला, तुमच्याशी वैर नाही, पण यंत्र देणार नाही. दगड आले, गोळ्या आल्या. आतूनही गोळी सुटली आणि जमावातला एक तरुण सुतार कोसळला. त्याला उचलून नेलं, तो मेला. जमाव काही वेळ पांगला आणि मोठा होऊन परतला. चर्चची घंटा वाजू लागली. धर्मोपदेशकाची बायको एकटी दोर ओढत होती. गाव जागं झालं, पण मदतीला बाहेर पडलं नाही.

क्रम पांढरा रुमाल दाखवत आत आला. जमावाचा निरोप त्याच्या तोंडी : यंत्र द्या, तुम्हाला काही करणार नाही. आतल्यांनी नकार दिला आणि त्यालाच विचारलं, मालमत्तेचं रक्षण करायचा आम्हाला हक्क आहे की नाही? तो म्हणाला, आहे. आणि बाहेर पडला.

वखारीच्या ज्या बाजूला खिडकी नव्हती, तिथे शिडी लागली. छत लाकडाचं. ते पेटवायला एक जण पेटता गोळा घेऊन वर चढला. आतून काही जण शिडी पाडायला बाहेर पडले, लव्हजॉय त्यांत होता. जवळच्या लाकडांच्या ढिगाआडून गोळ्या झाडल्या गेल्या. त्याला पाच लागल्या. तो आत आला, जिना चढून वर पोचला आणि तिथे संपला. त्याच्याबरोबरचे दोघे जखमी झाले.

छत पेटत होतं. वखारीत इतरांचाही माल होता. शरणागतीवाचून मार्ग उरला नाही. आतली माणसं बाहेर पडून पळाली तेव्हाही मागून गोळ्या येतच होत्या. मग जमावाने आग विझवली, खोकी वरच्या खिडकीतून खाली टाकली, यंत्राचे घणाने तुकडे केले आणि ते नदीत फेकले. ज्या कामासाठी आले होते ते काम झालं.

परिणाम

९ नोव्हेंबरला त्याला पुरलं. त्या दिवशी त्याला ३५ वर्षं पूर्ण होत होती.

जानेवारी १८३८ मध्ये दोन खटले चालले. पहिला कोणावर? वखार राखणाऱ्यांवर. आरोप दंगलीचा. गिलमन निर्दोष सुटला, बाकीच्यांवरचे आरोप काढून घेतले गेले. दुसरा खटला हल्लेखोरांवर, तेही निर्दोष. ॲटर्नी जनरल लिंडर पहिल्या खटल्यात आरोप ठेवणाऱ्यांच्या बाजूने उभा होता आणि दुसऱ्यात आरोपींच्या. खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. क्रम पुढे सेंट लुइसचा नगराध्यक्ष झाला.

ऑल्टनच्या व्यापाराला जपायचं म्हणून हे सगळं झालं होतं. उत्तरेकडच्या राज्यांत ऑल्टनचं नाव मात्र आता दुसऱ्याच कारणाने पोचलं.

८ डिसेंबर १८३७ रोजी बोस्टनच्या फॅनिल हॉलमध्ये निषेधसभा झाली. मॅसॅच्युसेट्सचा ॲटर्नी जनरल जेम्स ऑस्टिन उठला आणि म्हणाला की लव्हजॉय मूर्खासारखा मेला. हा जमाव म्हणजे ब्रिटिशांच्या कराविरुद्ध बोस्टनच्या बंदरात चहा बुडवणाऱ्या देशभक्तांसारखाच. त्याला उत्तर द्यायला वेंडेल फिलिप्स नावाचा तरुण वकील व्यासपीठावर चढला, आणि त्या भाषणाने गुलामीविरोधी चळवळीला तिचा सर्वांत मोठा वक्ता मिळाला. ओहायोत एका शोकसभेत, पुढे गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राउनने गुलामगिरी नष्ट करण्यासाठी आयुष्य वाहण्याची शपथ घेतली. इलायजाचा भाऊ ओवेन पुढे काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेला आणि लिंकनचा स्नेही झाला.

लिंकन स्वतः २७ जानेवारी १८३८ रोजी स्प्रिंगफील्डच्या तरुण मंडळींपुढे झुंडशाहीवर बोलला. मॅकिन्टॉशच्या जळण्याचा उल्लेख त्याने सेंट लुइसच्या नावासकट केला. छापयंत्रं नद्यांत फेकणं, संपादकांना गोळ्या घालणं, असंही तो म्हणाला. पण ऑल्टन किंवा लव्हजॉय हे शब्द त्याने उच्चारले नाहीत. घटना त्याच्याच राज्यातली, अडीच महिन्यांपूर्वीची. श्रोत्यांना सांगायची गरज नव्हती, की नाव घेणं तरुण राजकारण्याला परवडणारं नव्हतं? वर्गात यावर दोन तट पडतात. मी दुसऱ्या तटातला.

अमेरिकेतल्या या चळवळीचं मोल जोतीराव फुल्यांनी किती मानलं, ते आपल्याला ठाऊक आहे. १८७३ सालचं ‘गुलामगिरी’ त्यांनी युनायटेड स्टेट्समधल्या ‘सदाचारी लोकां’ना अर्पण केलं. ऑल्टनमध्ये ‘प्रतिष्ठित’ आणि ‘सदाचारी’ या दोन याद्यांत सामाईक नावं फार थोडी होती.

नदीच्या गाळातून एका यंत्राचा सांगाडा १९१५ साली वर आला. तो ऑल्टनमधल्याच एका वृत्तपत्राच्या कार्यालयात ठेवला गेला.

वेगळं काय करता आलं असतं

लव्हजॉयच्या बाजूने बघायचं तर जुलै १८३६ च्या सभेतलं बोलणं त्याने दुसऱ्याच दिवशी लिहून, सभेच्या यजमानांची सही घेऊन, पहिल्या अंकात छापायला हवं होतं. पैसे देणाऱ्याची अपेक्षा आणि घेणाऱ्याचा शब्द यांच्यात फट राहिली, आणि विरोधकांनी ती वर्षभर रुंद केली. कॅथलिकांवरची टीका ही दुसरी चूक. त्या टीकेने त्याने असे शत्रू केले, ज्यांच्याशी गुलामगिरीच्या प्रश्नावर कदाचित बोलता आलं असतं. ‘लेखणीला धार हवी’ असं आपण सहज म्हणतो. धार कुणाकुणावर खर्च करायची, याचाही हिशेब लागतो.

बंदुकांचा निर्णय? गॅरिसनने लव्हजॉयला हुतात्मा म्हटलं, पण शस्त्र घेतल्याबद्दल खेदही व्यक्त केला. गुलामीविरोधी चळवळीतल्या ग्रिमके भगिनींचंही तेच मत. वखारीतून गोळी सुटली आणि एक सुतार मेला, हे कोणाला पुसता येत नाही. विरोधकांना त्यातून ‘दोन्हीकडून हिंसा झाली’ म्हणायची सोय झाली, आणि वखारवाल्यांवरचा खटला उभा राहिला तो त्याच सोयीवर. तरी मी त्या रात्रीच्या निर्णयाला चूक म्हणायला कचरतो. तीनदा कायद्याची वाट पाहून झाली होती. शस्त्र घेण्यापेक्षा, शस्त्र घेणाऱ्यांचा कायदेशीर दर्जा लेखी करून न घेणं ही मोठी गफलत. क्रमकडून त्या दिवसांत एक सही मिळवता आली असती. मिळाली नसती, तरी नकार कागदावर आला असता.

आणि क्रम. त्याच्यासाठी निर्णयाची वेळ ७ नोव्हेंबर नव्हतीच. ती २१ सप्टेंबर होती. दहाबारा माणसं, मद्यपी नाहीत, गोळीबार नाही, रुमालाआडचे चेहरे. तिथे दोघांना जरी पकडून न्यायाधीशापुढे उभं केलं असतं, तर चौथ्या यंत्राला पहाटे तीन वाजता चोरासारखं उतरवावं लागलं नसतं. त्याहून मागे जायचं तर लॉलेसचं ते म्हणणं : असंख्यांनी केलेला गुन्हा कायद्यापलीकडचा. ऑल्टनच्या जमावाने ते वाचलं असो वा नसो, त्यांची वागणूक त्याबरहुकूम होती.

वर्गात शेवटी मी मुलांना ३ नोव्हेंबरच्या समितीचा अहवाल नव्याने लिहायला देतो. अट एकच : जेवढ्या ओळींत संपादकाने काय करावं लिहाल, तेवढ्याच ओळींत जमावाने काय करावं हेही लिहा. पहिला भाग पाच मिनिटांत होतो. दुसऱ्या भागात भरपाई लिहितात, जाहीर माफी लिहितात, आणि मग कोणीतरी मान वर करून विचारतं, ‘पण सर, हे त्यांच्याकडून करून कोण घेणार?’ मी फळ्यावर क्रमचं नाव लिहितो आणि त्याच्या हाताशी त्या दिवशी काय काय होतं, याची यादी करायला सांगतो. यादी फार मोठी होत नाही. पण रिकामीही राहत नाही.